मांजरांच्या पायांचं माप

लहान मुलाच्या पायाचं माप घेणं म्हणजे पाण्यातल्या माशाला अंगरखा शिवणं. पाय हातात धरला की मूल आधी हसतं, मग लाथ मारतं, आणि या दोन्हींच्या मधे पायाची बोटं मुठीसारखी आवळून घेतं. आवळलेल्या बोटांवर घेतलेलं माप हटकून कमी भरतं. बूट घरी जातो, मुलाला टोचतो, आणि खोक्यासकट दुकानात परत येतो. सोबत मुलाची आई येते, आणि तिला काही खोक्यात घालून फळीवर ठेवता येत नाही.

अशा आयांना तोंड देण्यात सूनबाई आता तरबेज झाली होती. मॉलच्या वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला, स्वच्छतागृहाच्या अलीकडे तिचं मुलांच्या बुटांचं दुकान होतं. तिथवर येणारा माणूस बहुतेक वेळा घाईत असायचा, आणि ती घाई बुटांची नसायची.

घरचं मूळ दुकान बाजारात. तिथे सासरे गल्ल्यावर आणि नवरा शिडीवर, अशी वर्षानुवर्षांची वाटणी. तिसऱ्या माणसाला तिथे बसायला सोडा, उभं राहायलाही जागा नव्हती. मॉलमधलं दुकान ही सूनबाईची कल्पना. कॉलेजात शिकलेलं सगळं पणाला लावून तिने ती सासऱ्यांच्या गळी उतरवली होती. दुकानाची किल्ली तिच्या पर्समध्ये असायची, आणि चार वर्षांची लेक ठकी दिवसभर तिच्या डोळ्यांसमोर. नव्याची नवलाई ओसरली, गिऱ्हाईक मात्र काही टोकापर्यंत येईना. शेवटी एके दिवशी जेवताना सासऱ्यांनी शांतपणे विषय काढला.

"रविवारी संध्याकाळी मी येऊन बसतो तिथे. त्या जागी आपलं काही काम आहे असं मला दिसलं, तर राहू दे दुकान. नाही दिसलं, तर सोमवारी टेम्पो बोलावू."

सूनबाईचा घास हातातच राहिला. टेम्पोत खोकी भरली जाणार, आणि त्या खोक्यांबरोबर आपणही घरी परत, हे तिला लख्ख दिसलं. फळीवरून काढलेला माल पुन्हा कोण लावतो?

"वहिनी, आपण चेहरे रंगवूया," नणंद म्हणाली. तिचा पार्लरचा कोर्स नुकताच संपला होता आणि हात शिवशिवत होते. "मुलांना फुकटात चेहरे रंगवून द्यायचे. मॉलभर बातमी जाईल."

"चेहरे रंगवायचे आणि बूट विकायचे?" सासरे म्हणाले. "चेहरा कुठे, पाय कुठे."

"बाबा, चेहऱ्यामागून पाय येतातच की. एकटा चेहरा येतोय होय चालत?"

यावर सासऱ्यांनी पाणी प्यायलं. तो त्यांचा होकार असतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

मग सूनबाईच्या काळजीला कामच मिळालं. रंगाच्या डबीमागची बारीक अक्षरं तिने भिंग लावून वाचली. रंग स्वतःच्या कोपरावर लावून पाहिला, मग मानेवर. आपली कातडी जाड निघाली तर, या शंकेने तिने बातम्या बघत बसलेल्या नवऱ्याच्या कानामागे एक हिरवी रेघ ओढली.

"काय करतेस?"

"हलू नकोस. तुझी त्वचा नाजूक आहे."

लग्नानंतर बायकोने पहिल्यांदाच असं काही म्हटल्यामुळे तो खूश होऊन बसून राहिला आणि सकाळी तसाच दुकानात गेला. तिसऱ्या गिऱ्हाइकाने विचारल्यावर त्याला आरसा आठवला. पण पुरळ आलं नव्हतं, हे महत्त्वाचं. मुलांचे कपडे खराब होऊन आया भांडायला येतील, म्हणून तिने जुन्या निळ्या चादरी फाडून एकसारखे डगले शिवले. ब्रश धुवायला दोन भांडी, पुसायला मऊ फडकी, चेहऱ्यांवरचा रंग उतरवायला ओले रुमाल, सगळं तयार झालं. नणंद म्हणाली, "वहिनी, ऑपरेशन नाही करायचं आपल्याला."

शनिवारी दुकानाबाहेरच्या रुंद पॅसेजमध्ये टेबल मांडलं. पहिलं मूल बसलं आणि बघता बघता रांग लागली. ज्या टोकाला चिटपाखरू फिरकत नव्हतं, तिथे मुलं, त्यांचे आईबाप, आज्या, ढकलगाड्या. सूनबाई दारात उभी राहून डोकी मोजत होती.

एक गोष्ट मात्र लवकरच उघड झाली. नणंदेला फक्त मांजर काढता येत होतं. नाकावर काळा ठिपका, गालांवर मिशा, कपाळावर दोन टोकदार कान. वाघ मागितला तर पट्ट्यांचं मांजर, ससा मागितला तर लांब कानांचं मांजर.

"हा सिंह आहे ना?" एका बापाने मुलाची हनुवटी वर करून विचारलं. "मांजर वाटतोय."

"सिंहच आहे," नणंद ब्रश धूत म्हणाली. "अजून लहान आहे तो."

मुलांची काही तक्रार नव्हती. रंगून झालं की ती उड्या मारत निघायची, आईबाप मागून, आणि सगळी वरात थेट समोरच्या आइस्क्रीमवाल्याकडे. दुकानाच्या आत कुणी पाऊल टाकलं नाही. एक आजोबा आले, त्यांनी स्वच्छतागृह कुठे ते विचारलं, आणि संकोच वाटून बुटाची एक नाडी विकत घेतली. एकच, जोडी नाही.

आइस्क्रीमवाला मोठ्या मनाचा माणूस. संध्याकाळी तो स्वतः दोन कप घेऊन आला.

"वहिनी, उद्यापण आहे ना हे? काय आहे, माल जास्त मागवायला बरं."

सूनबाईने ते आइस्क्रीम खाल्लं, पण गोड काही लागलं नाही.

घरी तिने लपवाछपवी केली नाही. काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं, नाडीसकट. सासरे हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते तिला जास्त लागलं.

"गर्दी वेगळी आणि गिऱ्हाईक वेगळं, सूनबाई. गर्दीला बघायचं असतं. गिऱ्हाइकाला आपण बघायचं असतं."

"लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या म्हणायच्या," नवरा म्हणाला, आणि बायकोकडे बघून त्याने तातडीने भाजी वाढून घेतली.

तिचं मन उठलं होतं. उद्या टेबल मांडूच नये, दोघींनी निमूट खोकी बांधायला घ्यावीत, असं तिला वाटत होतं. पण नणंदेने पोरांना वायदे करून ठेवले होते. "उद्या ये, तुला पांढरं मांजर करते," असं निम्म्या मॉलला सांगून झालं होतं. पोरांना दिलेला शब्द मोडणं सूनबाईला जमणारं नव्हतं, तिच्या स्वतःच्या घरात एक पोर होतं.

रविवारी टेबल मांडतात न मांडतात तोच मॉलचा सुरक्षारक्षक आला. माणूस भला, पण गणवेशातला.

"मॅडम, रस्ता अडतोय. काल खाली ऑफिसात तक्रार आली. टेबल आत घ्या."

"आत जागा कुठे आहे?"

"ते मी कसं सांगणार? बाहेर नाही एवढं सांगू शकतो."

झालं. दुष्काळात तेरावा महिना. टेबल आत घेतलं, भिंतीलगतचं छोटं बाक वाट बघणाऱ्यांनी भरलं, तेव्हा रंगवायच्या मुलाला बसवायला एकच आसन उरलं, ते म्हणजे बूट घालून बघायचं, समोर उतरती फळी असलेलं बुटकं स्टूल. नणंद बाजूला गुडघ्यांवर बसली. दुकानातला गालिचा फिकट रंगाचा, म्हणून सूनबाईने दारातच बजावलं, "बूट बाहेर काढून या हं सगळ्यांनी." बुटांच्या दुकानात शिरायला बूट काढावे लागतात, हे बघून एका आईला हसू आवरेना. आणि वर सगळ्यांना ते निळे डगले.

ठकीला नणंदेने सगळ्यांच्या आधी रंगवून टाकलं होतं, म्हणजे मधे लुडबुड नको. ती आपली डगला लोळवत इकडून तिकडे फिरत होती. सूनबाई एका डोळ्याने तिच्याकडे आणि दुसऱ्याने दाराकडे बघत होती. सासरे संध्याकाळी येणार. आज दुकान भरलेलं दिसेल, पण त्यांना ती गर्दीच दिसणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच विचारात तिने एका बाईंना फळीवरचा बूट काढून दिला, वळली, आणि ठकी दिसेना.

म्हणजे ठक्याच ठक्या दिसत होत्या. निळे डगले, काळी नाकं, मिशा. बाकावर मांजरं, गालिच्यावर मांजरं, आरशासमोर मांजरं, आणि आरशात आणखी तेवढीच. मुलांच्या कपड्यांना रंग लागू नये म्हणून आपणच एवढी खबरदारी घेतली आणि स्वतःच्या पोरीला स्वतःच्या हाताने गर्दीत मिसळून टाकलं, हे तिच्या लक्षात आलं.

"ठकी," तिने हाक मारली.

"म्याव," सगळी मांजरं एका सुरात म्हणाली.

"ठकी, हे बघ, खेळू नकोस आत्ता."

"म्याव."

नणंद ब्रश धरून खदखदत होती, तिला हा खेळच वाटला. आया हसत होत्या. सूनबाई मात्र दार बघून आली, दाराबाहेरची बुटांची रास बघून आली, आणि तशीच गुडघ्यांवर बसली. चेहरे तिच्या काही कामाचे नव्हते. पण पाय होते. ठकीच्या अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब, आणि त्याच्यावर आत्याने लावलेल्या गुलाबी नेलपॉलिशचा पापुद्रा. असे पाय जगात एकच. ती एकेक पाय बघत रांगत निघाली. जाड पाय, मळके पाय, एकमेकांवर चढवलेले पाय. आणि बाकाच्या कोपऱ्यात, दोन खोक्यांच्या मधे, ते लांब बोट ऐटीत हलताना दिसलं.

तिने ते बोट घट्ट धरून ठेवलं.

"मी हरवलेच नव्हते," वरून मांजर म्हणालं. "मी इथेच होते."

"माहितीये," सूनबाई म्हणाली. ते बोट तिला सोडवेना, म्हणून ती तशीच बसून राहिली. आणि बसल्या जागेवरून तिला समोर स्टुलावर रंगवून घेणाऱ्या मुलाचा पाय दिसला.

हा पाय तिच्या ओळखीचा होता. चेहऱ्यावर अर्धं मांजर असल्यामुळे मुलगा ओळखू आला नसता, पण टाचेजवळचा तीळ तिला नीट आठवत होता. मागे याच पायाने तिच्या हनुवटीवर लाथ मारली होती, आणि याच पायाचा बूट खोक्यासकट परत आला होता. तेव्हा बोटं अशी आवळलेली की उलगडायला दोन माणसं लागली असती. आता नणंद त्याच्या नाकावर ठिपका काढत होती. मुलाने डोळे मिटले होते, तोंड किंचित उघडं, श्वास रोखलेला. आणि पाय उतरत्या फळीवर सांडल्यासारखा सैल पडला होता. पाचही बोटं सुटी, मोकळी, पंख्यासारखी पसरलेली.

सूनबाईने दुसऱ्या मांजराच्या पायाकडे पाहिलं, रांगेत वाट बघणाऱ्या. ती बोटं आवळलेली, चुळबुळणारी. पुन्हा स्टुलावर पाहिलं. सैल.

"त्याला हलू देऊ नकोस," ती नणंदेला हळूच म्हणाली.

"तो कुठे हलतोय? मिशा काढताना कुणीच हलत नाही. हललं की मिशी वाकडी येते, सगळ्यांना माहितीये."

सूनबाईने लाकडी मापपट्टी ओढली, टाच कडेला टेकवली आणि सरकता ठोकळा अलगद बोटांपर्यंत आणला. मुलाला पत्ताही लागला नाही. तिने आकडा बघितला, मग दाराबाहेर जाऊन त्याचे बूट उचलून बघितले आणि त्याच्या आईला जवळ बोलावलं.

"ताई, याचे बूट लहान आहेत. पूर्ण एका नंबराने."

"मागच्या वेळी तुम्हीच घेतलं होतं की माप," आई म्हणाली. "ते बूट टोचले म्हणून परत केले आम्ही. हे दुसरीकडून घेतलेत."

"त्यांनीही आवळलेल्या बोटांवर घेतलं असणार, माझ्यासारखंच. आता बघा ना बोटं."

आईने वाकून पाहिलं. टाचेमागचा लाल वळही तिला पहिल्यांदाच दिसला असावा, कारण तिने तो अंगठ्याने हळूच दाबला. "म्हणून चिडचिड करायचा होय शाळेतून आल्यावर," ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही.

मिशा पुऱ्या व्हायच्या आत योग्य नंबराचा बूट पायात चढला. मुलाने आरशात आधी तोंड बघितलं, मग पाय, आणि दुकानभर धावून आला. कुठे टोचलं नाही म्हणजे मूल काही सांगत नाही, धावतं. ती पावती बाकीच्या आयांनी बघितली.

"आमच्याही पायाकडे बघता का जरा?"

"हिचं माप तर मी कधी घेऊच शकले नाही."

मग काम रंगात आलं. वर नणंद, खाली सूनबाई. वर मिशा निघायच्या, खाली ठोकळा सरकायचा. ज्याचे बूट बरोबर असतील त्याच्या आईला सूनबाई सरळ सांगायची, "चालतील अजून. आत्ता घेऊ नका, पाय वाढतोय." अशा दोन आया बूट न घेता गेल्या आणि परत येताना आपापल्या बहिणींना पोरांसकट घेऊन आल्या. कॉलेजात हे शिकवलं होतं का, ते तिला आठवेना. आठवायला वेळही नव्हता.

सासरे आले ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. दारातल्या बुटांच्या राशीशी थबकले, त्यांनीही बूट काढले, आणि बाकाच्या टोकाला दोन मांजरांच्या मधे बसले. तिथून बघत होते. सूनबाईला कळलं तेव्हा तिचा ठोकळा अर्ध्यावर थांबला. मग तिने तो पुढे सरकवला. जे चाललंय ते चालू द्यावं, एवढंच तिच्या हातात होतं.

गर्दी ओसरली. गालिच्यावर उघडी खोकी, चुरगळलेले पातळ कागद आणि त्यांत ठकी लोळत होती.

"आजोबा राहिले," ती म्हणाली. "आजोबांना पण मांजर करा."

"मला कशाला, बाळा?"

"सगळे मांजर आहेत. तुम्ही एकटेच माणूस."

बाजारात भल्याभल्यांना निरुत्तर करणारे सासरे निमूट उठले आणि त्या बुटक्या स्टुलावर जाऊन बसले. त्यांचे गुडघे कानांपर्यंत आले. नणंदेने निळा डगला त्यांच्या गळ्याशी बांधला.

"बाबा, डोळे मिटा. हलायचं नाही."

त्यांनी डोळे मिटले. ब्रश नाकाला लागला, आणि त्यांचे पाय फळीवर सैल पडले. सूनबाईची नजर तिथे गेली. आता सवयच झाली होती. करंगळीवर जुनी घट्ट भोवरी, अंगठा एका अंगाला दाबलेला. ती पट्टी सरकवणार होती, थांबली, आणि मग धीर करून सरकवलीच. पट्टी मुलांची, आजोबांचा पाय तिच्या बाहेर गेला, म्हणून तिने तिथे बोटाने खूण धरून उरलेला भाग पुन्हा मोजला. बाहेरून त्यांचा बूट आणून आतला आकडा पाहिला. पुन्हा मोजलं.

"बाबा."

"हं." मिशा चालू होत्या, ओठ हलवायची सोय नव्हती.

"तुमचा बूट लहान आहे."

"सात नंबर. लग्नापासून."

"लग्नात असेल सात. आता आठ आहे."

सासऱ्यांनी एक डोळा उघडला. नणंद ओरडली, "बाबा, मिशा."

डोळा मिटला. मग अर्ध्या मिशांतून आवाज आला, "सकाळी दुकानापर्यंत चालत जायचं सोडलं मी. वयाचं दुखणं म्हणून."

"नंबराचं आहे."

"अख्खा जन्म लोकांना बूट विकण्यात गेला," ते म्हणाले. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा." आणि त्यांचं पोट हसण्याने हलायला लागलं, तशी डाव्या गालावरची मिशी थेट कानापर्यंत गेली.

मांजर पुरं झालं. सासऱ्यांनी आरशात बघितलं नाही. ते उभे राहिले, दुकानभर एक नजर फिरवली, मग दाराबाहेर, समोरच्या आइस्क्रीमवाल्याकडे.

"काल रंगाचं टेबल कुठे होतं म्हणालीस?"

"बाहेर."

"बाहेर रंगवलं तर ते त्याच्या कामाचं. आत रंगवलं तर आपल्या." त्यांनी मान हलवली. "चेहरा कुठे, पाय कुठे, म्हणालो होतो मी. एकाच पोराला दोन्ही असतात, हे विसरलो." मग खिशातून फोन काढून सूनबाईकडे दिला. "टेम्पोवाल्याला फोन लाव. सोमवारचं सांगितलं होतं त्याला."

नणंदेच्या हातातला ब्रश पाण्यात पडला. सूनबाईने फोन घेतला.

"बाबा, पण आज तर..."

"बाजारातलं लांब बाक आणायचंय इकडे," सासरे म्हणाले. "ते जुनं, पाठीचं. दोन पोरांच्या मधे अवघडून बसलो मी आज. आया कुठे बसतात? आणि मोठ्यांची मापपट्टी पण टाकायला सांग त्यात. तुझ्या पट्टीवर माझा पाय मावला नाही, बोटाने काय मोजतेस."

सूनबाईने नंबर लावला. टेम्पोवाल्याला काय सांगायचं ते तिला दोनदा सांगावं लागलं, कारण खोकी न्यायची नाहीत, उलट सामान आणायचंय, हे त्याला पहिल्यांदा पटेना.

दुकान बंद करून सगळे निघाले. सासऱ्यांनी बुटांच्या नाड्या अगदी सैल सोडल्या होत्या आणि ठकीचं बोट धरून ते पुढे चालले होते, फटक फटक वाजवत. आइस्क्रीमवाला त्यांना बघून नमस्काराला उठला आणि उठताना हसू दाबायला त्याने फडकं तोंडाशी धरलं. सुरक्षारक्षकाने सलाम ठोकला. सरकत्या जिन्यावर वर येणारी माणसं वळून वळून बघत होती, आणि सासरे प्रत्येकाला मान लववत होते.

"आज लोक फार अगत्याने वागतायत," ते मागे वळून म्हणाले.

"मॉलची पद्धत आहे तशी," नणंद गंभीरपणे म्हणाली.

सूनबाईच्या पर्समध्ये ओल्या रुमालांचं पाकीट होतं. तिचा हात सवयीने तिकडे गेला. मग तिने पर्सची चेन लावून टाकली आणि त्या दोन मांजरांच्या मागून, त्यांच्या पायांकडे बघत, सावकाश चालत राहिली.